अंधारात बोलणाऱ्या पेशी

1979 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डेनिस बेलर, ट्रेव्हर लॅम्ब आणि किंग-वाई याऊ हे तीन संशोधक काळोख्या खोलीत टोड जातीच्या बेडकाच्या दृष्टिपटलावर प्रयोग करत होते. काम चालायचं ते अवरक्त किरणांत. हे किरण माणसाला दिसत नाहीत आणि बेडकालाही दिसत नाहीत. दृष्टिपटलातल्या एकाच पेशीचं टोक त्यांनी काचेच्या बारीक नळीत अलगद ओढून घेतलं होतं. टोक केवढं, तर 0.06 मिलिमीटर लांब आणि त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं जाड. त्यावर प्रकाशाचे अतिशय क्षीण झोत, एकामागून एक, सोडले जात होते. पुष्कळदा काहीच होत नसे. मधूनच पेशीतून वाहणारा विजेचा प्रवाह किंचित बदले, आणि हा बदल जवळपास ठरावीक मापाचा असे. कधी त्याच्या दुप्पट. प्रकाशाचा एक कण, म्हणजे एक फोटॉन, पेशीत शोषला गेला की एक पायरी. दोन शोषले गेले की दोन.

एका जिवंत पेशीनं प्रकाशाचे सुटे कण मोजून दाखवले, याचं कौतुक विज्ञानजगतात आजही होतं. मात्र त्या आलेखातली दुसरी गोष्टही तितकीच विलक्षण आहे. ती पायरी खाली जाणारी होती. फोटॉन आला की पेशीतला प्रवाह घटत होता.

प्रकाश टिपणारं कोणतंही यंत्र प्रकाश पडल्यावर जागं होत असणार, असं कुणालाही वाटेल. घराच्या गच्चीवरचं सौर पॅनेल तसंच वागतं. माणसाच्या, बेडकाच्या, माशाच्या डोळ्यातली पेशी याच्या उलट वागते. काळोखात तिच्यातून प्रवाह अखंड वाहत असतो आणि तिच्या दुसऱ्या टोकाशी ग्लुटामेट हे रसायन सतत पाझरत असतं. पुढच्या पेशीशी तिचं हे बोलणं रात्रभर चालू असतं. उजेड पडला की ती गप्प होते. आपल्याला जे ‘दिसतं’ त्याची सुरुवात या गप्प होण्यातून होते. जपानमधल्या केइओ विद्यापीठाच्या त्सुनेओ तोमिता यांनी 1960 च्या दशकात कार्प माशाच्या डोळ्यातल्या शंकुपेशी नावाच्या पेशींवर हे पहिल्यांदा मोजलं. पेशी इतक्या चिमुकल्या, की त्यांत इलेक्ट्रोड शिरावा म्हणून तोमितांनी माशाचं दृष्टिपटलच खालून हलके धक्के देऊन हलवायची सोय केली होती. निष्कर्ष हाती आला तेव्हा अनेकांना मोजमापातच चूक झाली असावी अशी शंका आली. पुढे 1970 साली विल्यम हेगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधारात वाहणारा हा प्रवाह नीट मोजला आणि ‘अंधार-प्रवाह’ म्हणून तो पाठ्यपुस्तकांत गेला.

माशी आणि माखलीसारख्या प्राण्यांच्या डोळ्यातल्या पेशी प्रकाशात उत्तेजित होतात. म्हणजे सरळ मार्ग निसर्गाला ठाऊक होता. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांनी दुसरी वाट धरली आणि ती कोट्यवधी वर्षं टिकली. या पेशींचा अभ्यास अंधाराच्या बाजूनं केला तरच त्यांची बरीच कोडी उलगडतात. त्यांची भूक, त्यांचे आजार आणि त्यांच्यावरचे उपचारही त्यातच येतात.

शालेय पुस्तकांतल्या दंडाकार आणि शंक्वाकार पेशी सर्वांच्या परिचयाच्या असतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स शुल्ट्झ यांनी 1866 मध्ये निशाचर आणि दिनचर प्राण्यांचे डोळे ताडून पाहिले आणि दंडपेशी रात्रीच्या, शंकुपेशी दिवसाच्या, अशी विभागणी मांडली. ती मोठ्या प्रमाणावर खरी ठरली. माणसाच्या एका डोळ्यात सरासरी 9 कोटींच्या वर दंडपेशी आणि सुमारे 46 लाख शंकुपेशी असतात, असं 1990 साली क्रिस्टीन कर्सिओ यांच्या गटाच्या मोजणीत आढळलं. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू मात्र 10–12 लाखच. त्यामुळे शेकडो दंडपेशींचं म्हणणं एका तंतूत गोळा होतं. क्षीण उजेड त्यामुळेच हाती लागतो, पण बारकावा हरवतो. दृष्टिपटलातल्या पीतबिंदूच्या ऐन मध्याशी गणित पालटतं. तिथं दंडपेशी नाहीत, आणि शंकुपेशींची दाटी दर चौरस मिलिमीटरला दोन लाखांच्या आसपास जाते. वाचताना हीच जागा कामाला येते. अंधुक तारा बघायला ती निरुपयोगी. देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका शोधायचा तर नजर जराशी बाजूला ठेवावी, हे आकाशदर्शन करणाऱ्यांचं जुनं तंत्र याच रचनेतून आलं आहे.

पेशीत प्रकाश नेमका कशाला भिडतो, याचा शोध बेडकापासूनच सुरू झाला. 1876 मध्ये रोममध्ये काम करणाऱ्या फ्रान्झ बोल यांना दिसलं, की अंधारात ठेवलेल्या बेडकाचं दृष्टिपटल जांभळट तांबडं असतं आणि उजेडात ते बघता बघता फिकं पडतं. हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूने यांनी हे सूत्र उचललं. त्यांनी एक ससा काही मिनिटं अंधारात ठेवला, त्याचं तोंड गज लावलेल्या खिडकीकडे केलं, थोडा वेळ उजेड पडू दिला आणि मग त्याला मारून दृष्टिपटल तुरटीच्या द्रावणात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या पातळ पडद्यावर खिडकी उमटली होती. गजांच्या जागी तांबूस पट्टे, मधल्या मोकळ्या जागी फिकट. 1880 साली क्यूने यांनी फाशीची शिक्षा झालेल्या एका माणसाचे डोळेही तपासले. डाव्या डोळ्यात काहीतरी आकृती होती, पण ती कशाची हे कुणालाच सांगता आलं नाही. मृताच्या डोळ्यात मारेकऱ्याची छबी राहते, या त्या काळच्या समजुतीला या प्रयोगांनी खतपाणी मिळालं. विज्ञानाच्या हाती जे लागलं ते याहून मोलाचं होतं. डोळ्यात प्रकाशानं विटणारं आणि अंधारात पुन्हा भरून येणारं एक द्रव्य आहे, हे पक्कं झालं.

त्या द्रव्याला आज ऱ्होडॉप्सिन म्हणतात. ऑप्सिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळीत रेटिनल नावाचा एक लहानसा रेणू बसवलेला असतो. रेटिनल तयार होतं ‘अ’ जीवनसत्त्वापासून. दृष्टिपटलात हे जीवनसत्त्व असतं हे जॉर्ज वाल्ड यांनी 1933 मध्ये दाखवलं आणि 1967 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. अंधारात रेटिनलची शेपटी एका जागी वाकलेली असते. फोटॉन शोषला की ती सरळ होते. या बदलाला लागणारा वेळ सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाहूनही कित्येक हजार पट कमी. प्रकाशाचं काम इथं संपतं. पुढचं सगळं रसायनशास्त्र आहे, आणि ते अंधारातही होऊ शकतं.

पुढचा मार्ग असा आहे. शेपटी सरळ झाली की ऑप्सिनचा आकार बदलतो. बदललेलं ऑप्सिन ट्रान्सड्युसिन नावाच्या प्रथिनाचे अनेक रेणू एकामागून एक जागे करतं. ते एका विकराला चालना देतात. हे विकर पेशीतल्या सायक्लिक जीएमपी या रेणूंचा फडशा पाडतं. अंधारात हेच रेणू पेशीच्या आवरणातल्या झडपा उघड्या धरून ठेवत असतात. हे 1985 मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातल्या फेसेन्को यांच्या गटानं सिद्ध केलं. रेणू कमी झाले, झडपा मिटल्या, सोडियमचा ओघ थांबला, प्रवाह घटला, ग्लुटामेटचा पाझर आटला. एका फोटॉनपायी दहा लाखांच्या घरात सोडियम आयनांना आत येण्यापासून अडवलं जातं. आणि ही साखळी वेळेवर थांबवणारी प्रथिनंही तिथंच तयार असतात. ती नसती तर एका झोताची सावली डोळ्यांपुढे रेंगाळत राहिली असती.

इतक्या हळव्या यंत्रणेला उगाचच चाळवलं जाण्याचा धोका मोठा असतो. माणसाच्या एका दंडपेशीत ऱ्होडॉप्सिनचे सुमारे 10 कोटी रेणू असतात. शरीराच्या उष्णतेनं त्यातला एखादा रेणू प्रकाशाविनाच सरळ झाला, तर पेशी फसते. माकडाच्या दंडपेशींवर बेलर आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये मोजलं, तेव्हा अशी फसगत एका पेशीत साधारण अडीच मिनिटांतून एकदा होत असल्याचं दिसलं. हा आकडा 10 कोटींत वाटला, तर एकेक रेणू शेकडो वर्षं काळोखात न चळता बसू शकतो असा त्याचा अर्थ होतो. जीवशास्त्रात इतकी चिकाटी असलेले रेणू फारच थोडे.

माणूस स्वतः किती कमी उजेड जाणतो, हे याआधीच, 1942 मध्ये, कोलंबिया विद्यापीठातल्या सेलिग हेश्ट, सायमन श्लेअर आणि मोरिस पिरेन यांनी शोधून ठेवलं होतं. प्रयोगाला बसणाऱ्यानं आधी बराच वेळ पूर्ण काळोखात राहायचं, मग हिरवट प्रकाशाचा हजारांश सेकंदाचा झोत नजरेच्या कडेला. डोळ्यावर पडणाऱ्या 54 ते 148 फोटॉनांपैकी 5 ते 14 पेशींपर्यंत पोचले, की माणूस ‘दिसलं’ म्हणत होता. हे मोजके फोटॉन जवळपास 500 दंडपेशींवर विखुरतात, त्यामुळे एकाच पेशीला दोन मिळण्याचा संभव फार कमी. म्हणजे एका पेशीला एक फोटॉन पुरतो, हे अनुमान त्यांनी पेशीला हातही न लावता काढलं. सदतीस वर्षांनी स्टॅनफर्डच्या काचेच्या नळीनं त्यावर शिक्कामोर्तब केलं. 2016 मध्ये व्हिएन्नातल्या अलिपाशा वझिरी यांच्या गटानं माणसांना एकेकटा फोटॉन दाखवून पाहिला. नुसत्या अंदाजानं बरोबर येणाऱ्या उत्तरांपेक्षा त्यांची उत्तरं थोडी, पण निश्चितपणे अधिक बरोबर आली.

हे सगळं खेड्यातल्या अंगणात बसूनही अनुभवता येतं. रात्री वीज जाते. पहिली काही मिनिटं डोळ्यांपुढे नुसतं काळं. मग तुळशीवृंदावनाचा आकार हळूहळू उगवतो, पण सात-दहा मिनिटांनी सुधारणा अडल्यासारखी होते. तोवर शंकुपेशींनी आपली मजल गाठलेली असते. त्यानंतर दंडपेशी पुढे सरसावतात आणि गोठ्यातली गाय, दोरीवरचं धोतर, पायवाटेची पांढुरकी रेघ एकेक करून दिसायला लागतात. पूर्ण सराव व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. विटलेलं ऱ्होडॉप्सिन पुन्हा भरून यायला तेवढा वेळ लागतो. कुणी मोबाइलचा दिवा लावला की सगळी कमाई क्षणात जाते. दिवस मावळताना परसातल्या जास्वंदीकडे पाहावं. दुपारी पानांहून उठून दिसणारं तांबडं फूल तिन्हीसांजेला काळवंडतं आणि पानंच उजळ भासू लागतात. बोहेमियाच्या यान पुर्किन्ये यांनी 1825 मध्ये नोंदवलेला हाच परिणाम. दंडपेशींना निळसर हिरवा रंग सर्वाधिक भावतो आणि तांबडा जवळपास लागतच नाही. आकाशदर्शनाला टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावतात तो याच कारणानं. तांबड्या उजेडात शंकुपेशींना नकाशा वाचता येतो आणि दंडपेशींचा अंधार मोडत नाही.

विटलेलं ऱ्होडॉप्सिन भरून येण्यासाठी ‘अ’ जीवनसत्त्व हवंच. ते कमी पडलं की सर्वांत आधी रात्रीची नजर जाते. संध्याकाळी मूल अडखळायला लागतं, ताटातला घास चाचपडतं, दारातून हलायला कुरकुर करतं. दिवसा मात्र त्याचं सगळं ठीक असतं. रातांधळेपणाची ही लक्षणं आईला डॉक्टरांआधी कळतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नक्तांध्यावर यकृताचा उपाय सांगितला आहे, आणि आज त्यामागचं कारणही समजतं, कारण शरीर हे जीवनसत्त्व यकृतातच साठवतं. भारत सरकारनं 1970 साली बालकांना या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देण्याचा कार्यक्रम सुरू केला. नवव्या महिन्यात 1 लाख एकक, नंतर पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर, पपई, आंबा यांतून शरीर ते बनवून घेतं. घराघरांत सहज मिळणाऱ्या या गोष्टी वेळेवर न मिळाल्यानं एखाद्या मुलाच्या रात्री जाव्यात, ही बाब वैद्यकाच्या आकडेवारीत मावणारी नाही.

अंधारात सतत बोलत राहण्याची किंमत मोठी असते. झडपांतून आत येणारं सोडियम बाहेर फेकायला पंप अखंड चालवावे लागतात, म्हणून दृष्टिपटलाचा ऑक्सिजनचा खप शरीरातल्या सर्वाधिक खपांपैकी एक आहे आणि अंधारात तो आणखी वाढतो. शिवाय झीज. दंडपेशीच्या टोकात नाण्यांच्या चळतीसारख्या सुमारे हजार चकत्या रचलेल्या असतात आणि ऱ्होडॉप्सिन त्यांतच असतं. रिचर्ड यंग यांनी 1960 च्या दशकात किरणोत्सारी खुणा केलेली अमिनो आम्लं वापरून या चकत्यांच्या प्रवासाचा माग काढला. नव्या चकत्या तळाशी तयार होतात, वर सरकतात आणि साधारण दहा दिवसांनी टोकाशी पोचतात. तिथं शेजारचा रंगद्रव्यपेशींचा थर त्यांना गिळून टाकतो. पेशी तीच, पण तिचं टोक महिन्यातून तीनदा नवं. या टोकांना त्या थराला चिकटून राहायचं असतं, म्हणूनच डोळ्याची रचना आपल्याला उलटी भासते. प्रकाश आधी नसांच्या आणि इतर पेशींच्या थरातून जातो, मग इथं पोचतो. ज्या जागी नस डोळ्याबाहेर पडते तिथं प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. तो अंधबिंदू एड्म मॅरियॉट यांनी सतराव्या शतकात दाखवून दिला.

रंगांची कथा तशी प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात. शंकुपेशींचे तीन प्रकार असतात. रसायनज्ञ जॉन डाल्टन यांनी 1794 मध्ये स्वतःच्या रंगदृष्टीतल्या उणिवेवर व्याख्यान दिलं. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा अशी त्यांची समजूत होती. आपल्या मृत्यूनंतर डोळा तपासा, असं त्यांनी सांगून ठेवलं. 1844 मध्ये द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याचा डीएनए 1995 मध्ये तपासला गेला, तेव्हा हिरव्या-पिवळ्या पट्ट्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशींचं जनुकच त्यांच्यात नसल्याचं आढळलं. ही जनुकं 1986 मध्ये जेरेमी नेथन्स यांनी शोधली, तेही स्वतःचाच डीएनए वापरून. तांबड्याची आणि हिरव्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी असल्यानं हा दोष पुरुषांत कितीतरी जास्त दिसतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र सगळ्यांना चकित करणारी गोष्ट उघडकीस आली. क्लाइड कीलर या हार्वर्डच्या विद्यार्थ्यानं 1920 च्या दशकात जन्मांध उंदीर पाळले होते. त्यांच्या डोळ्यांत दंडपेशी नव्हत्या, तरी उजेड पडला की बाहुल्या आकसत. 1927 मध्ये त्यानं हे छापलंही. दृष्टिपटलात प्रकाश टिपणारं आणखी काही असावं ही त्याची सूचना सत्तर वर्षं जवळपास पडून राहिली. मग रसेल फॉस्टर यांनी दाखवलं, की दंड आणि शंकू दोन्ही नसलेल्या उंदरांचं जैविक घड्याळही उजेडानं जुळतं. 1998 मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या कातडीत मेलॅनॉप्सिन हे नवं प्रकाशद्रव्य सापडलं आणि पुढे ते सस्तन प्राण्यांच्या, माणसाच्याही दृष्टिपटलात मिळालं. डेव्हिड बेर्सन यांच्या गटानं 2002 मध्ये या पेशी थेट पकडल्या. त्या मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंच्याच पेशी होत्या, प्रकाशात उत्तेजित होणाऱ्या. कातडीतलं द्रव्य पकडून देणारा पुन्हा बेडूकच निघाला, याचं या क्षेत्रातल्यांना वाटणारं कौतुक समजण्यासारखं आहे. यातून अंध माणसांच्या झोपेचा प्रश्नही नव्यानं समजला. ज्यांचे डोळे काही बघत नाहीत, त्यांतल्या काहींना दिवस-रात्र डोळ्यांतूनच कळत असते. म्हणून अंध रुग्णाचा डोळा काढावा का, हा निर्णय आता पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही.

रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारांच्या गटात दंडपेशी तरुणपणीच मरू लागतात. जगभरात साधारण 4000 माणसांमागे एकाला तो असतो. नागपूरजवळच्या खेड्यांतल्या प्रौढांच्या पाहणीत मात्र प्रमाण साडेसातशेत एक असं आढळलं. नात्यात लग्न झालं की लपून राहिलेलं सदोष जनुक आई-बाप दोघांकडून येण्याची शक्यता वाढते, आणि मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आहे. लग्नाआधी दोन्ही घरांत रातांधळेपणाचा इतिहास विचारला जाणं इथं पत्रिकेपेक्षा कामाचं ठरेल. हा आजार रात्रीपासूनच सुरू होतो. मग नजरेची कड आकसत जाते आणि माणूस जणू नळीतून पाहू लागतो. शेवटी शंकुपेशीही जातात, आणि त्यांच्या जनुकांत बहुधा काहीच दोष नसतो. दंडपेशी गेल्या म्हणून शंकुपेशी का मरतात, हा आजचा सर्वांत कळीचा प्रश्न आहे. दंडपेशींकडून मिळणारा पोषक घटक थांबतो, असं एक उत्तर. शंकुपेशी साखरेअभावी उपाशी राहतात, असं दुसरं. दोन्ही उत्तरं भुकेकडेच बोट दाखवतात. शंकुपेशी वाचल्या, तर माणसाचं वाचन आणि माणसांचे चेहरे वाचतात, म्हणून पुष्कळ संशोधन आता याच ठिकाणी एकवटलं आहे.

डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेत आरपीई65 या जनुकातल्या दोषावर पहिली जनुकीय उपचारपद्धती मंजूर झाली. सरळ झालेल्या रेटिनलला पुन्हा वाकवून देणारं विकर या जनुकातून बनतं. ते नसलं की ऱ्होडॉप्सिन भरून येतच नाही. सुरुवातीला तिची किंमत दोन्ही डोळ्यांची मिळून साडेआठ लाख डॉलर होती. हा इलाज पेशी जिवंत असतील तरच चालतो.

पेशीच उरल्या नाहीत, तर? त्या वेळी दुसऱ्या कुणाला त्यांचं काम शिकवावं लागतं. 2021 मध्ये जोसे-अलाँ साहेल, बोटोंड रोस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 58 वर्षांच्या एका अंध माणसाची हकीकत प्रसिद्ध केली. शेवाळापासून घेतलेल्या प्रकाशसंवेदी प्रथिनाचं जनुक विषाणूच्या मदतीनं त्याच्या एका डोळ्यात पोचवलं होतं, तंतूंच्या पेशींमध्ये. एरवी या पेशींतल्या काही उजेड आल्यावर बोलतात, तर काही उजेड गेल्यावर. उपचारानंतर ज्या पेशींत प्रथिन पोचलं, त्या सगळ्या उजेड आल्यावरच बोलू लागल्या. दृश्याला अंबर रंगाच्या प्रकाशात बदलून डोळ्यावर टाकणारा खास चष्मा त्याला दिला होता. तो लावून सुरुवातीला त्याला काहीच उमगेना. मेंदूला ही नवी बोली समजेपर्यंत जवळपास सात महिने सराव करावा लागला. मग एके दिवशी पांढऱ्या टेबलावर ठेवलेल्या वहीकडे त्यानं हात नेला आणि तो बरोबर तिच्यावरच पडला.